कारवारचे भूशिर : लाटा अडवणारा खडक आणि त्याच्या आडोशाचे दावेदार

बेंगळुरू : कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर डिसेंबर २०२५ मध्ये पाठीवर उपकरण बांधलेला एक समुद्रपक्षी स्थानिकांना आढळला. उपकरण चिनी संशोधन संस्थेचे असल्याचे त्यावरील मजकुरावरून दिसले आणि नौदलाचा मोठा तळ जवळच असल्यामुळे ही बातमी देशभर पोहोचली. स्थलांतराचा अभ्यास करण्यासाठी पक्ष्यांच्या पाठीवर अशी उपकरणे जगभर बसवली जातात. तरीही चर्चा झाली ती हेरगिरीच्या शक्यतेचीच. हजारो किलोमीटर उडत येणाऱ्या पक्ष्याला विसाव्यासाठी नेमका हाच किनारा का सापडतो, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. त्याचे उत्तर कारवारच्या भूरचनेत आहे. नौदल, बंदर आणि महामार्ग याच ठिकाणी का आले, याचे उत्तरही तेथेच मिळते.

कारवार हे उत्तर कन्नड जिल्ह्याचे मुख्यालय गोव्याच्या सीमेपासून सुमारे १५ किलोमीटरवर, तर राज्याच्या राजधानीपासून ५०० किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. महाराष्ट्रात समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये कोकणपट्टीची ऐसपैस रुंदी आहे. कारवारजवळ ती जवळपास संपते. डोंगराच्या सोंडा थेट पाण्यात उतरतात आणि त्यांतील एक सोंड पश्चिमेकडे समुद्रात घुसून उभी राहते. नाविक नकाशांत तिची नोंद ‘कारवार हेड’ अशी आहे. भूगोलाच्या पुस्तकी भाषेत हे भूशिर. त्याच्या उत्तर पायथ्याशी बैतखोलचे बंदर आहे, त्यापुढे शहराचा वाळूचा किनारा आणि काळी नदीचे मुख. दक्षिणेला बिणगा आणि अर्गा येथील खाड्या आणि नौदलाचा तळ. समोरच्या समुद्रात कूर्मगड, देवगड आणि अंजदीव ही बेटे विखुरलेली आहेत.

या खडकाचे वय महाराष्ट्रातील वाचकाला चकित करणारे आहे. रत्नागिरी किंवा विजयदुर्गचे कडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेल्या काळ्या पाषाणाचे. कारवार परिसरातील ग्रॅनाइटसदृश आणि पट्टेदार खडक त्या मानाने अतिप्राचीन, अडीच अब्ज वर्षांहूनही जुने आहेत. त्यांच्या माथ्यावर उष्ण आणि दमट हवामानात तयार झालेला जांभा दगडाचा थर आहे. किनारा मात्र खडकाइतका जुना नाही. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून विलग झाले ते सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी आणि त्यातून पश्चिम किनाऱ्याची ढोबळ रेषा आखली गेली. या घटनेच्या काळातील ज्वालामुखी खडक याच राज्यात उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर उभ्या खांबांच्या रूपात पाहायला मिळतात.

आज दिसणारा आकार तर भूगर्भीय हिशेबाने कालपरवाचा आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, अखेरच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती. त्या वेळी कूर्मगड आणि अंजदीव ही बेटे नव्हती. विस्तीर्ण मैदानातून वर आलेल्या त्या टेकड्या होत्या आणि काळी नदी त्यांना वळसा घालून आणखी पश्चिमेला जाऊन समुद्राला मिळत असणार. हिम वितळू लागले, पाणी चढत आले आणि साधारण सहा ते सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीजवळ स्थिरावले. सखल भाग बुडाले, टेकड्यांची बेटे झाली आणि डोंगराच्या सोंडेचे भूशिर झाले. वाळूचे किनारे त्यानंतरचे.

समुद्रात पुढे आलेल्या खडकावर लाटांचा मारा सर्वाधिक का होतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात येताच लाटेचा वेग मंदावतो. भूशिरासमोरील तळ आधी उथळ होत असल्याने लाटेचा तेवढा भाग अडखळतो आणि दोन्ही बाजूंचा भाग पुढे जातो. परिणामी लाट वळते आणि तिची शक्ती भूशिराच्या टोकावर एकवटते. शेजारच्या उपसागरात तीच शक्ती विखुरते, पाणी संथ होते आणि वाळू साचते. कारवारच्या बाबतीत यात आणखी एका गोष्टीची भर पडते. पावसाळ्यातील मोठ्या लाटा नैर्ऋत्येकडून येतात. त्या भूशिराच्या दक्षिण आणि पश्चिम अंगावर फुटतात. उत्तर अंगाला त्याची सावली मिळते. बाहेरची बेटेही लाटांचा काही जोर आधीच मोडतात. बैतखोल हे नाव ‘सुरक्षित खाडी’ अशा अर्थाच्या अरबी शब्दांवरून आले असावे, अशी व्युत्पत्ती ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये दिली आहे. ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिको न टिको, वर्णन म्हणून अचूक आहे.

या आडोशाची किंमत व्यापाऱ्यांनी फार पूर्वी ओळखली होती. इंग्रज व्यापाऱ्यांनी १६३८ मध्ये येथे वखार घातली. शिवाजी महाराजांनी १६६५ च्या मोहिमेत कारवारकडून खंडणी घेतल्याची नोंद इंग्रजांच्या कागदपत्रांत आहे. पुढे १८६२ मध्ये हा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्याकडे आला आणि १९५६ मधील राज्य पुनर्रचनेपर्यंत तो मुंबईशी जोडलेला होता. गावात आजही कोंकणी आणि मराठी सहज कानावर पडते. न्यायाधीश असलेल्या थोरल्या बंधूंकडे १८८३ मध्ये मुक्कामाला आलेल्या तरुण रवींद्रनाथांनी ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक येथेच लिहिले. किनाऱ्याला त्यांचे नाव आहे ते त्यामुळे.

भूशिराच्या खडकावरील जीवसृष्टी ओहोटीच्या वेळी पाहण्यासारखी असते. येथील भरती-ओहोटीतील फरक उधाणाच्या दिवसांत सुमारे दोन मीटरचा. या दोन मीटरच्या उभ्या पट्ट्यात सजीवांनी जागा वाटून घेतलेली दिसते. सर्वांत वर, जेथे केवळ तुषार पोहोचतात, तेथे वाटाण्याएवढ्या गोगलगायी खडकाच्या भेगांत दाटीवाटीने बसतात. तासन्‌तास पाण्यावाचून राहण्याची त्यांना सवय असते. त्याखाली बार्नेकलचा पांढुरका पट्टा. चुन्याच्या बारीक शंकूंसारखे दिसणारे हे प्राणी शिंपल्यांचे नव्हेत, तर कोळंबी आणि खेकड्यांचे भाऊबंद. एकदा खडकाला चिकटले की जन्मभर तेथेच राहतात आणि पाणी अंगावरून गेले की पिसासारखे पाय बाहेर काढून अन्नकण गाळून घेतात. आणखी खाली कालवे, मग शिनाण्यांचे हिरवट काळे घोस आणि ओहोटीच्या अगदी तळाशी समुद्रफुले, स्पंज आणि सरगॅसमसारखी तपकिरी शेवाळे. वरची सीमा ऊन आणि कोरडेपणा ठरवतो; खालची सीमा बहुधा शेजारी आणि भक्षक ठरवतात.

हा पट्टा भूशिराच्या दोन्ही अंगांना सारखा नाही. लाटांचा थेट मार बसणाऱ्या पश्चिमेकडील बाजूस तो वरपर्यंत ताणला जातो, कारण फुटणाऱ्या लाटेचे पाणी उंच उडते. तेथे घट्ट धरून राहणाऱ्यांचेच राज्य. आडोशाच्या बाजूला तो आखूड होतो, खडकांच्या फटींत गाळ बसतो आणि मऊ शरीराच्या प्राण्यांना जागा मिळते. काही शे मीटरच्या अंतरात दोन वेगवेगळे किनारे पाहायला मिळावेत, असे हे ठिकाण आहे.

शिवाय दरवर्षी ही वसाहत काही प्रमाणात पुसली जाते. कारवारला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये. डोंगरातील पाणी घेऊन १८४ किलोमीटरची काळी नदी समुद्राला मिळते तेव्हा उपसागरातील पृष्ठभागाचे पाणी खारटपणा गमावते. नदीमुखाजवळच्या कालवांना आणि शिनाण्यांना ते सोसत नाही. पाऊस ओसरला, पाणी पुन्हा खारट झाले की प्रवाहाबरोबर आलेली पिल्ले रिकाम्या खडकावर बसतात आणि नव्याने मांडामांड सुरू होते. सुपा, कोडसळ्ळी आणि कद्रा येथील धरणांमुळे आता हे पाणी आणि त्याबरोबरचा गाळ पूर्वीसारखा मोकळा येत नाही. कारवारच्या कोडिबाग भागात कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे, तर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्रही याच शहरात आहे. एवढ्या लहान परिसरात नदी, खारफुटी, वाळू आणि उघडा खडक हे सारे हाताशी असणे अभ्यासकांच्या दृष्टीने भाग्याचेच.

खडकाच्या माथ्यावर आणि उतारावरील उंच झाडांवर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड असतो. कोकणात त्याला काकण असेही म्हणतात. पंखांचा विस्तार सुमारे दोन मीटर, पोट शुभ्र, पाठ राखाडी. मासे हे त्याचे मुख्य भक्ष्य असले तरी समुद्रसर्प पायांत धरून नेणारा काकण मच्छीमारांना अपरिचित नाही. एकच घरटे तो वर्षानुवर्षे काटक्यांची भर घालून वापरतो. म्हणून घरट्याचे झाड तोडले जाणे हे त्याच्यासाठी केवळ एका हंगामाचे नुकसान नसते. त्याला खुला समुद्र, शांत पाणी आणि माणसांची वर्दळ नसलेला उंच वृक्ष या तिन्ही गोष्टी जवळजवळ लागतात. भूशिराशिवाय हा संयोग क्वचितच जुळतो.

हिवाळ्यात कुरव आणि सुरय यांचे थवे उत्तरेकडून येतात आणि नदीमुखाच्या वाळूवर, बेटांच्या खडकांवर विसावतात. मासळी बंदराचा कचराही त्यांना खेचून आणतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. याच किनारपट्टीवरील आणखी एका पक्ष्याचा उल्लेख करायला हवा. कारवारच्या उत्तरेस सिंधुदुर्गातील वेंगुर्ला रॉक्सच्या आणि दक्षिणेस मुर्डेश्वरसमोरील नेत्राणी बेटाच्या गुहांत पाकोळीची एक जात लाळेने घरटी बांधते. काही देशांत या घरट्यांना खाद्य म्हणून मोठी किंमत मिळत असल्याने त्यांची चोरी होत आली आहे. अंधाऱ्या गुहेत टिकटिक आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून ती वाट शोधते. वाळूचा किनारा कितीही सुंदर असला तरी असा पक्षी तेथे घर करू शकत नाही. त्याला समुद्राने कोरलेला खडकच हवा.

आडोशाच्या पाण्यात हंपबॅक डॉल्फिन येतात. खोल समुद्रात न जाता किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारी ही जात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदली आहे. किनाऱ्याला चिकटून राहण्याच्या सवयीमुळेच ती जाळी, होड्या आणि बंदरांच्या वाटेत सापडते. देवबाग आणि माजाळीच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. काळीच्या खोऱ्यात पाणमांजरांचा वावर आहे आणि नदीच्या वरच्या अंगाला काळी व्याघ्र प्रकल्प आहे. वाघाच्या जंगलातून निघालेले पाणी डॉल्फिनच्या पाण्यात मिसळते; मधले अंतर एका दिवसाच्या प्रवासाचेही नाही.

माणसानेही हा आडोसा आपल्या पद्धतीने वापरला. खारवी, हरिकंत्र आणि गाबीत समाजांचा येथील किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर आहे. उपसागराच्या शांत, वाळूच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाई; बांगडा आणि तारली हे तिचे मुख्य धन. सत्तरच्या दशकाच्या मध्यास या किनारपट्टीवर पर्ससीन जाळी आली. समुद्रातच थवा घेरला जाऊ लागल्यावर तो रापणीपर्यंत पोहोचेना आणि शेकडो हातांची ती सामूहिक मासेमारी काही वर्षांत मोडकळीस आली. ओहोटीला खडपांवरून कालवे आणि शिनाणे काढणे मात्र टिकून आहे. त्याला होडी लागत नाही, भांडवल लागत नाही. कोयता, टोपली आणि भरतीचे वेळापत्रक पुरते. मत्स्य संशोधन संस्थेने समुद्रातील पिंजऱ्यांत चोणक वाढवण्याचे प्रयोग केले तेही याच संथ पाण्यात. हा चोणक म्हणजे रायगडातील जिताडा.

शांत आणि खोल पाणी, पाठीशी डोंगर, समोर बेटांची फळी. माशांना आणि पक्ष्यांना जे सोयीचे तेच आरमारालाही. नौदलाच्या ‘सीबर्ड’ प्रकल्पाची पायाभरणी १९८६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली आणि ‘आयएनएस कदंब’ हा तळ ३१ मे २००५ रोजी कार्यान्वित झाला. विमानवाहू ‘विक्रमादित्य’चे घर हेच. तळासाठी भूशिराच्या दक्षिणेकडील गावे उठली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले आणि वास्को द गामाने १४९८ मध्ये जेथे मुक्काम केला ते अंजदीव बेट लाटरोधक बांधाने मुख्य भूमीला जोडले गेले. कुंपणामुळे काही डोंगरउतार वर्दळीपासून सुटले असतील. परंतु ते योगायोगाने झालेले रक्षण आहे, त्याला संवर्धन म्हणता येणार नाही.

राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या चौपदरीकरणात भूशिराच्या मानेतून जुळा बोगदा काढण्यात आला. बोगदा हा तुलनेने सौम्य मार्ग होता. इतरत्र किनाऱ्यालगतच्या डोंगरांचे पायथे उभे कापले गेले. जांभ्याचा सच्छिद्र थर पावसाचे पाणी शोषतो, त्याखालच्या चिकण मातीवर ते अडते आणि आधार काढून घेतलेला उतार सरकतो. अंकोला तालुक्यातील शिरूर येथे १६ जुलै २०२४ रोजी असाच डोंगर महामार्गावर आणि थेट गंगावळी नदीत कोसळला. अनेकांचा बळी गेला आणि नदीत गाडला गेलेला एक मालट्रक बाहेर काढायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. त्याआधी ऑक्टोबर २००९ मध्ये कारवारजवळील कडवाड येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली होती. भूशिर आणि त्यामागचे डोंगर हा एकच देह आहे, हे अशा वेळी लक्षात येते.

समुद्राच्या बाजूचा धोका ३० मे २००६ रोजी दिसला. ‘ओशन सेराया’ हे मालवाहू जहाज मोसमी वाऱ्यांच्या तोंडावर देवगड बेटाजवळील खडकांवर चढले, फुटले आणि त्यातील शेकडो टन इंधन तेल समुद्रात पसरले. तवंग गोव्याच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत गेला. तेलाच्या बाबतीत भूशिराची दोन अंगे पुन्हा वेगळी वागतात. लाटांच्या माऱ्यातील खडक बराचसा आपोआप धुतला जातो. आडोशाच्या फटींत आणि खारफुटीच्या गाळात शिरलेले तेल मात्र दीर्घकाळ राहते. जहाजांना सुरक्षित वाटणारी जागाच जहाजाच्या अपघातानंतर सर्वाधिक काळ आजारी राहते.

आता प्रश्न कायद्याचा, आणि येथे बेंगळुरूचा संबंध येतो. किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, वन्यजीव मंडळ आणि बंदर खाते यांचे निर्णय राजधानीतून होतात. किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत सर्वाधिक संरक्षित गटात खारफुटी, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे, खारी दलदल, कासवांच्या आणि पक्ष्यांच्या विणीच्या जागा, सागरी गवताची कुरणे अशी नावानिशी यादी आहे. खडकाळ भूशिर किंवा समुद्रकडा या यादीत नाही. भरती आणि ओहोटीच्या रेषांमधील खडक दुसऱ्या उपगटात मोडतो आणि तेथे बंदर, जेटी व लाटरोधक बांध यांसाठी भराव टाकण्यास परवानगी मिळू शकते. म्हणजे खडकावर एखाद्या पक्ष्याचे घरटे सिद्ध झाले तर त्या जागेला संरक्षण. ज्या रचनेमुळे घरटे, संथ पाणी आणि वाळू यांना आसरा मिळाला त्या रचनेला स्वतःचे असे काही नाही. याच जिल्ह्यातील अघनाशिनी नदीमुखाला जानेवारी २०२४ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ते योग्यच झाले. परंतु पाणथळ जागेसाठी जशी आंतरराष्ट्रीय चौकट आहे तशी भूशिरासाठी नाही.

ही उणीव कागदोपत्री नाही, हे कारवार बंदराच्या विस्ताराच्या वादात दिसून आले. ‘सागरमाला’ कार्यक्रमांतर्गत दुसऱ्या टप्प्यात उत्तर बाजूस नवा लाटरोधक बांध प्रस्तावित होता. तो टागोर किनाऱ्याच्या अंगाने जाणार असल्याने होड्या लावण्याची जागा आणि किनारा दोन्ही जातील, असा मच्छीमारांचा आक्षेप होता. जानेवारी २०२० मध्ये काम सुरू होताच शहरात तीव्र आंदोलन झाले, बंद पाळला गेला आणि त्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. त्यानंतर परवानग्यांचा वाद न्यायालयांत लढला गेला. बंदराच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे पोकळ नाहीत: हे बारमाही नैसर्गिक बंदर आहे आणि जिल्ह्यात रोजगार कमी आहे. मात्र उपसागरातील वाळू ही साठवलेली ठेव नसून फिरते चलन आहे. पावसाळ्यात ती आत ओढली जाते, नंतर लाटा ती परत आणतात. लाट अडवली की वाळूची वाटही बदलते. कोठे गाळ साचेल आणि कोठे धूप होईल, याचा हिशेब भूशिर, नदी आणि बेटे यांना एकत्र धरूनच मांडावा लागतो. प्रकल्पाच्या हद्दीपुरता आखलेला पर्यावरण अहवाल तो मांडू शकत नाही.

कर्नाटकात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत बैतखोलच्या धक्क्याला होड्यांची दाटी होते. बंदीबाहेरच्या काळातही अरबी समुद्रात वादळ उठले की हीच गर्दी पुन्हा दिसते. ऑक्टोबर २०१९ मधील ‘क्यार’ चक्रीवादळात गोवा आणि महाराष्ट्रासह अन्य राज्यांतील मच्छीमार नौकांनी भूशिराच्या उत्तरेस नांगर टाकले होते. त्यांच्या आणि वाऱ्याच्या मध्ये होता तो डोंगर.